यंत्राची साक्ष

विजापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर ब्रदर जोएल गरजत होते, "लोक म्हणतात, विज्ञानाचं आणि येशूचं वैर आहे. आज विज्ञानच गुडघे टेकणार आहे." अंगात डॉक्टरचा पांढरा कोट होता, शिक्षण कुणी विचारलं नव्हतं.

पद्धत ठरलेली. मधुमेह्यानं सांगोल्याचं डाळिंब स्वतः सोलून हंगामाचं प्रथमफळ म्हणून देवाला वाहायचं, लगेच बोट टोचून साखर मोजायची. मग येशूचा बाप्तिस्मा झालेल्या 'यार्देन नदीच्या' पाण्यानं हात धुवायचे, प्रार्थना करायची आणि पुन्हा मोजायची. केराबाईच्या बारा वर्षांच्या लेकीचा, सोनमचा आकडा चारशे बारावरून एकशे अठ्ठावीसवर आला.

"यंत्र खोटं बोलत नाही," ब्रदर म्हणाले. "आता इन्सुलिन टोपलीत टाका. औषध म्हणजे संशय."

केराबाईनं सोनमचं इन्सुलिनचं पेन टाकलंही. तिसऱ्या रांगेतली प्रियदर्शनी उठून उभी राहिली. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स. सोनमला इंजेक्शन घ्यायला तिनंच शिकवलं होतं. या पोरीचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. औषध थांबलं तर ती आठवडाही काढणार नाही.

प्रियदर्शनी तडक वर चढली. "ब्रदर, तुमचं बोट द्या की."

"मला मधुमेह नाही."

"म्हणूनच द्या."

एवढ्या डोळ्यांपुढं नकार देणार कसा? तिनं त्यांना डाळिंब सोलायला लावलं आणि बोट टोचलं. तीनशे नव्वद. मग नळाच्या पाण्यानं हात धुवून, कोरडे करून पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव.

"यात प्रार्थना नव्हती," ती लोकांकडं वळली. "बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो. यंत्रानं डाळिंबाची साखर मोजली."

ब्रदरचा चेहरा उतरला, जीभ मात्र शाबूत होती. "ख्रिस्ती असून देवावर शंका घेतेस?"

"देवावर नाही, तुमच्यावर. मी दर रविवारी चर्चला जाते आणि रोज पेशंटना हात धुवायला लावते. त्या दोन्हींचं भांडण मला कधी दिसलं नाही. तुमचं मात्र दोन्हींशी वाकडं आहे."

मग ती सगळ्यांना म्हणाली, "प्रार्थना खुशाल करा. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तो त्याच्यावरच करून बघा."

केराबाई टोपली उपसत होती. पेन सापडताच तिनं ते पदरानं पुसलं.

"मीच टाकलं की वो, माज्या हातानं," ती म्हणाली. "पोरीला इचारलंसुदिक न्हाय."