अनुसयाला पास करू नका

एक मे रोजी निकाल लागला आणि अनुसया तिसरी पास होऊन घरी आली. गल्लीतल्या दोन-चार घरांत सांगूनच ती उंबऱ्यात पोचली. तिचे वडील धर्मराज जवळच्या परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. त्या दिवशी मोंढा बंद असल्यामुळे ते घरीच होते.

"वाच बरं बाबाला एखादा धडा," ते कौतुकानं म्हणाले.

अनुसयानं पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात पोळ्याचा धडा म्हणायला लागली. बोट ओळीवरून फिरत होतं. शब्द एकही चुकत नव्हता. भाकरी थापता थापता ऐकणारी केशरबाई, तिची आई, हात न धुताच उठून आली आणि पुस्तकात डोकावली. उघड्या पानावर बैल नव्हतेच. विहिरीचं चित्र होतं.

"अने, हे कोणतं अक्षर गं?" केशरबाईनं विचारलं.

अनुसयानं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. "धडा येतो मला," ती म्हणाली आणि हसली.

अनुसयाचं चालणं, बोलणं सगळंच उशिरा झालं होतं. ती लहान असताना जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिची समज हळूहळू वाढेल, औषध काही नाही, शिकवत राहा. शिकवायचं काम शाळेचं, असं धरून दोघं निश्चिंत होते. दर वर्षी ती पास होत होती, तेव्हा चाललंय बरोबर, असंच त्यांना वाटायचं.

त्या उन्हाळ्यात केशरबाईनं स्वतःच तिला घेऊन बसायला सुरुवात केली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. चिंचोके मांडून मोजायला लावले, तर पाचाच्या पुढं अनुसयाला सगळे सारखेच. रोज तेच, पुन्हा तेच. शाळा उघडायच्या सुमारास ती दहापर्यंत न अडखळता मोजू लागली.

"हिला येतं," केशरबाई नवऱ्याला म्हणाली. "पण एकच गोष्ट धा येळा सांगावी लागती. तिसरीत ती नुसती बसून राह्यली व्हती. आपण गुरुजींला सांगू, हिला परत दुसरीत घ्या म्हून."

धर्मराजांना ते पटेना. "मोंढ्यात पेढे वाटले मी. आता लोकं काय म्हनतील?"

"पेढे खाल्ले की त्यांनी. ते कुठं वापस मागून राह्यले?"

धर्मराजांना हसू आलं, पण शाळेत जायला त्यांनी आणखी आठवडा लावला.

गावची शाळा चौथीपर्यंतची. दाभाडे गुरुजी मुख्याध्यापक होते आणि तिसरी-चौथीला तेच शिकवायचे. पहिली-दुसरी शेख बाईंकडं होती. दोघांचं म्हणणं गुरुजींनी ऐकून घेतलं.

"लोक माझ्याकडं येतात ते पोराला वर ढकला म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही पहिलेच आलात खाली बसवा म्हणणारे."

"तिला वाचता येत न्हाई, गुरुजी," केशरबाई म्हणाली.

"मला माहीत आहे."

"माहीत हे, तरी पास केली?" केशरबाईनं विचारलं.

"मग काय करायचं होतं मी?" गुरुजींचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "दोन वर्गांची साठ पोरं आहेत माझ्यापुढं. तिला कधी छडी लावली नाही, कुणाला चिडवू दिलं नाही. रोज हसत येते, हसत जाते. चौथी पास झाल्याचा दाखला मिळेल, पुढं तुम्ही तिचं लग्न कराल. त्या पोरीला कशाला त्रास द्यायचा?"

ते खोटं बोलत नव्हते. अनुसयाचा शाळेत एका दिवसाचाही छळ झाला नव्हता. इतका वेळ टोपी हातात घेऊन उभे असलेले धर्मराज बोलले.

"गुरुजी, तुम्ही तिला माया लावली, आम्हाला मान्य हे. पण आम्ही हाव तोवर ठीक. पुढं तिला कुणी दहाची नोट म्हून पाचाची दिली, तर तिला कळाया पायजे. दाखला तिला ते सांगनार न्हाई."

शेवटी गुरुजी म्हणाले, "उद्यापासून शेख बाईंकडं बसू द्या."

अडचण तिथंच आली. दुसऱ्या दिवशी अनुसया दुसरीच्या पोरांत बसली, मधल्या सुट्टीत घरी आली ती परत गेलीच नाही. त्यानंतर सकाळ झाली की ती धान्याच्या कणगीच्या मागं जाऊन बसायची. समजावलं, रागावलं, खाऊ देऊ केला, काही उपयोग झाला नाही.

"माझ्या मैत्रिणी तिकडं हेत," एवढंच ती सांगायची. "मी लहान न्हाई."

केशरबाईला फार वाईट वाटलं. गुरुजींशी एवढं भांडलो, पण जिच्यासाठी भांडलो तिला एका शब्दानं विचारलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ती पुन्हा शाळेत गेली, या वेळी एकटीच. गुरुजी आता "सांगितलं होतं मी" म्हणणार, याची तिनं तयारी ठेवली होती. पण गुरुजींनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी शेख बाईंना बोलावून घेतलं.

शेख बाई परतूरहून यायच्या, बोलायच्या कमी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सकाळी वाचन आणि गणित माझ्याकडं करू दे. सुट्टीनंतर गाणी, खेळ, परिसर, सगळं तिच्या वर्गात. जमेल का, गुरुजी?"

"एक पोरगी दोन वर्गांत? असं कुठं असतं?"

"कुठं नसेल. पण आपली शाळा दोन खोल्यांची. मधी एक दारच तर आहे."

गुरुजींनी मान हलवली, पण लगेच हो म्हणाले नाहीत. "आधी तिला विचारू," ते म्हणाले. संध्याकाळी घरी जाता जाता ते धर्मराजांच्या अंगणात थांबले आणि सायकलला टेकून त्यांनी अनुसयाला विचारलं. अनुसयानं खूप विचार केला.

"डबा माझ्या मैत्रिणींबराबर खाईन," ती म्हणाली.

"खा."

"मंग येते."

श्रावणात तालुक्याचे साहेब तपासणीला आले. चौथीतली मुलगी दुसरीत काय करतेय, असं त्यांनी चढ्या आवाजात विचारलं. शेख बाई उठायच्या आत गुरुजी दारातून पुढं झाले.

"मी बसवलंय तिला, साहेब. तिसरीत मी तिला न शिकवताच पास केली. ते शिकवायचं राहिलंय, ते आता चाललंय."

साहेबांनी अनुसयाला जवळ बोलावून फळ्यावरचा शब्द वाचायला सांगितला. तिनं 'कमळ' वाचायला इतका वेळ घेतला, की साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पण वाचला. साहेब पलीकडच्या खोलीत गेले.

चौथीत अनुसया दोन वर्षं राहिली. दुसऱ्या वर्षी तिच्या मैत्रिणी परतूरला गेल्या, तेव्हा ती काही दिवस रडली. मग मागून आलेल्या मुलींत रुळली. जोडाक्षरं तिला शेवटपर्यंत जड गेली. वजाबाकी मात्र जमली, आणि त्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य दाभाडे गुरुजींना वाटलं.

पाचवीच्या प्रवेशाला धर्मराज आणि केशरबाई तिला घेऊन परतूरच्या शाळेत गेले. शेख बाई आपण होऊन सोबत आल्या. तिथल्या मुख्याध्यापकांपुढं केशरबाईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुलीला काय येतं, काय येत नाही, कसं सांगितलं की लक्षात राहतं. मुख्याध्यापकांनी मधेच थांबवून पाचवीच्या वर्गशिक्षकांना बोलावणं पाठवलं आणि म्हणाले, "हे त्यांच्यापुढं परत सांगा."

केशरबाईनं पुन्हा सुरुवात केली. एव्हाना अनुसया कंटाळून बाहेर निघून गेली होती. पाण्याच्या टाकीपाशी एक अनोळखी मुलगी तोंड धूत होती. अनुसया तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "तुझं नाव काय गं?"