सगळ्यांचं ऐकणारं मशीन

वेल्डिंग चालू झालं की आपल्याकडं माणसं जमतात. ज्यानं जन्मात होल्डर हातात धरला नाही, तोही कमरेवर हात ठेवून सल्ला देतो. राजेश्वरी अठरा वर्षं असल्या सल्ल्यांत वावरली होती. सासऱ्यांनी तिला पहिला रॉड लावायला शिकवलं, नवरा फौजेत होता, आणि तासगावच्या रस्त्यावरचं वर्कशॉप तिनंच चालवलं. उसाच्या ट्रॉल्या, गोठ्यातल्या गव्हाणी, बेदाण्याच्या शेडांचे मजले. लोक बोलत राहायचे, ती जोडत राहायची.

मग श्रावणात कडबाकुट्टीनं तिचा डावा हात कोपराखालून तोडून नेला.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा धाकटा दीर शिवतेज होल्डर धरून उभा होता आणि तिच्यासाठी दारात नवी कोरी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. "वैनी, तुमी आता बसून नुस्तं सांगा," तो म्हणाला. तो वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं, खुर्ची देणाऱ्याशी काय भांडणार? महिनाभर ती बसली. शिवतेजचे वेडेवाकडे जोड ती बसल्या जागेवरून मोजायची. एके दिवशी तिनं खुर्ची उचलली आणि माळ्यावर टाकून दिली.

डाव्या हाताची कामं तिनं एकेक करून निकालात काढली. हातात धरायची काच डोक्यावरच्या हेल्मेटात गेली. लोखंडी अँगल धरायला क्लॅम्प आले. रॉड ती कमरेच्या डब्यात उभे ठेवायची, आणि होल्डरचा चिमटा दाबून तोच रॉडवर न्यायची. राहिला करंट. जाड खांबाला तो जास्त लागतो, पातळ अँगलला कमी. कमी केला नाही तर अँगलला भोक पडलंच. वर परांचीवर काम असलं की पूर्वी ती दिवसातून वीस वेळा खाली उतरून मशीनचं बटण फिरवायची. आता एका हातानं शिडी किती वेळा चढणार? खाली माणूस उभा करावा, तर तो शिवतेज, आणि शिवतेजचं एकच पालुपद, "त्यापरीस मीच वर जातो की."

द्राक्षबागायतदार जिनदत्तअण्णांची पुतणी ब्राह्मी सांगलीच्या एका कॉलेजात वीजयंत्रं शिकवायची. तिच्या कानावर हे गेलं. दोन महिन्यांनी ती एक पेटी घेऊन आली आणि मशीनला जोडून दिली. 'वाढव' म्हटलं की करंट पाचानं वाढायचा, 'उतरव' म्हटलं की पाचानं उतरायचा, 'बंद' म्हटलं की मशीन बंद, 'चालू' म्हटलं की पुन्हा चालू. राजेश्वरीनं शटर ओढून, आतल्या आत वीस दिवस सराव केला. आपण सांगायचं आणि समोरच्यानं ऐकायचं, मधे कुणी नाही. हे सुख तिला घरात कधी मिळालं नव्हतं.

अण्णांच्या बेदाणा शेडाचं काम निघालं तशी ती सरळ त्यांच्या मळ्यात गेली. तेरा मजल्यांची, म्हणजे द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांचे तेरा थर एकावर एक असलेली शेड होती.

"पोरी, तुझ्या हाताला गुण हाय, मी न्हाई म्हणत न्हाई," अण्णा म्हणाले. "पर तू वर आन् मशीन खाली. पडलीस तर माझ्या जिवाला जन्माचा घोर."

"आण्णा, एक चौकट करू द्या. सगळ्यात वरची. मशीनला कुणाचा हात लागला तर काम भावजींचं."

अण्णा जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवणारे. "मी जेवायला उठायच्या आत चौकट पुरी झाली पायजे," ते म्हणाले. "झाली तर सगळी शेड तुझी. न्हाई तर पुन्यांदा वर चढायचं नाव काढायचं न्हाई."

"न्हाई काढणार," राजेश्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पट्टा बांधून वर चढली. खाली अण्णा, ब्राह्मी, शिवतेज आणि मळ्यातली पंधरा-वीस माणसं. असला तमाशा फुकटात कोण सोडतो? खांबाचा जाड जोड तिनं एकशेवीसवर एका दमात ओढला. मग "उतरव" असं सात वेळा म्हणून करंट पंच्याऐंशीवर आणला. खाली मशीनवरचे आकडे आपोआप उतरताना बघून लोकांनी तोंडात बोटं घातली. तिनं पातळ अँगलला रॉड टेकवला.

"चिकटतोय रं रॉड. वाढव म्हणावं," खालून एक जण म्हणाला.

"व्हय, वाढव. वाढव की."

"लय कमी हाय गड्या. वाढव!"

फट्कन अँगलला रुपयाएवढं भोक पडलं.

राजेश्वरीनं रॉड मागं घेतला. पंच्याऐंशीवर भोक? नवशिकं पोरगंही पाडणार नाही. हातासंगं अंगातला गुणही गेला की काय? श्रावणानंतर पहिल्यांदाच तिला मनापासून भीती वाटली. अण्णांनी जीभ चुकचुकवली. शिवतेजचा पाय शिडीवर पडला.

"वैनी, या खाली. मी भरतो भोक."

मजुरीला आलेली म्हातारी हरणाबाई कळवळून म्हणाली, "व्हय गं माझी बाय, बंद कर आता. जीव का घालवतीस?"

आणि मशीन बंद पडलं.

राजेश्वरीनं हेल्मेट वर केलं. खाली कुणीच मशीनजवळ नव्हतं. बंद तर ती म्हणालीच नव्हती. तिनं हरणाबाईकडं बघितलं, मग त्या 'वाढव'वाल्या तिघांकडं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भोक तिनं पाडलंच नव्हतं. तिला हसू आलं, आणि मग असा संताप आला की परांची हलली.

"भावजी, पाय काढा शिडीवरनं! ब्राह्मी, ही तुझी पेटी कुणाचंबी ऐकती व्हय?"

ब्राह्मीचा चेहरा पडला. "माइक पेटीवरच आहे ताई. कॉलेजात मी एकटीच बोलत होते, मला सुचलंच नाही."

"आन् मी शटर लावून बसत हुते. आगं, आपल्याकडं एकटं बोलायला मिळतंय कुणाला?"

"मी सांगलीला नेते. पंधरा दिवसांत फक्त तुमचा आवाज ओळखेल असं करते."

"पंधरा दिवसांत द्राक्षाचा माल उतरंल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी उन्हाकडं बघितलं.

राजेश्वरीनं खालच्यांना हात जोडायच्या ऐवजी हात उगारला आणि दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं. सगळे कबूल झाले. एक मिनिट गेलं, आणि गप्प बसणं किती महत्त्वाचं आहे हे एक जण दुसऱ्याला समजावून सांगायला लागला. शेवटी तिनंच विचारलं, "त्यो माइक पेटीवरच पायजे का? लांब वायर जोडून माझ्या तोंडाशी आणता यील का?"

ब्राह्मीनं लगेच पेटीचं झाकण उघडलं. "येईल की! आणि त्याचे कान जरा कमी करते, म्हणजे लांबचं ऐकणार नाही."

मशीनला कुणी हात लावला नाही; वायर होल्डरच्या केबलला टेपनं गुंडाळत वर गेली. माइक हेल्मेटात, हनुवटीपाशी चिकटवला. ऊन शेडाच्या पायथ्यावरून वर सरकलं होतं. अण्णांच्या सूनबाई बांधावर येऊन दोनदा हाक मारून गेल्या होत्या.

राजेश्वरीनं काच खाली ओढली. आत अंधार, आणि अंधारात तिचा एकटीचा आवाज. तिनं 'चालू' म्हणून मशीन जागं केलं आणि करंट पंच्याऐंशीच्याही खाली आणला. भोकाच्या कडेला एक ठिपका, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, दुसरा ठिपका. घाईनं भरलेलं भोक पुन्हा उघडतं, हे सासऱ्यांनी तिला शिकवलं होतं. भोक बुजलं. तिनं चौकटीचे तीन कोपरे जोडले. चौथा कोपरा परांचीच्या बाहेर होता. पट्ट्यावर भार टाकून ती बाहेर झुकली. ठिणग्यांचा लोट खाली आला.

शिवतेजला राहवलं नाही. "वैनी, पडशीला! बंद करा! बंद! बंद!"

सगळ्यांच्या माना मशीनकडं वळल्या. आकडा होता तिथंच होता. वर रॉड शेवटपर्यंत जळत गेला, मग हेल्मेटाच्या आत ती काहीतरी म्हणाली. खाली कुणाला ऐकू आलं नाही. मशीनला आलं. आकडे विझले.

अण्णा स्वतः शिडी चढले. त्यांनी चौथ्या कोपऱ्यावर हातोडा मारला, मग बुजवलेल्या भोकावर तीनदा मारला. नंतर दोन्ही हातांनी चौकटीला लोंबकळून बघितलं. ती हलली नाही.

"उद्या कितीला येतीस?" त्यांनी विचारलं, आणि जेवायला निघाले.

"सातला."

ती खाली उतरली तेव्हा शिवतेज मान खाली घालून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. तिनं होल्डर त्याच्या हातात दिला. "खालचे मजले तुमी करा. जोड मी तपासणार, आन् वाकडा निघाला तर तोडायला लावणार."

"व्हय, वैनी."

"आन् भावजी, माळ्यावर ती खुर्ची हाय. उद्या घेऊन या." तिनं जमलेल्या मंडळींकडं बघितलं. "ज्याला नुस्तं सांगायचं आसंल, त्यानं तिच्यात बसून सांगावं."