चावडीवरून वाचलेला ठराव

मला चावडीवर टांगलं, तो लालासाहेब हवालदारांच्या रजेतला शेवटचा साधा दिवस होता. मित्रांनो, उंब्रजजवळच्या एका वाडीचा मी जुना कर्णा आहे. माइकसमोर कुणी बोललं की त्याचा आवाज माझ्या तोंडातून गावभर जातो. शहरातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात मी घडलो आणि चार वर्षं विट्याकडच्या जत्रांत तंबूतल्या सिनेमाची जाहिरात ओरडत फिरलो. १९७१ च्या दिवाळीआधी वाडीनं मला विकत घेतलं.

हवालदार पलटणीत बिनतारी यंत्रावर होते. त्यांनीच शिडीवर चढून माझ्या तारा जोडल्या. मग खाली उतरून माइक तोंडाशी धरला. "हॅलो, हॅलो! विजूच्या आये, चहा टाक, हवालदार निगालाय!"

सगळी वाडी हसली. चंद्राबाई दारातूनच ओरडल्या, "आवं, जरा तरी लाजा! सासरं बसल्यात न्हवं हितं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी रजा रद्द झाल्याची तार आली. संध्याकाळच्या एसटीनं ते गेले.

डिसेंबरात लढाई झाली. जिंकल्याची बातमी वाडीला मीच सांगितली, तेव्हा लोकांनी माझ्यावर गुलाल उधळला. आठवड्यानं हवालदारांच्या घरी दुसरी तार आली. तिच्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. "माझा ल्योक लढता लढता पडला," म्हातारे नाथाजी म्हणाले. ते स्वतः जुने सुभेदार. वाडीनं तेच खरं धरलं. चंद्राबाईंनी मात्र कुंकू पुसलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं, की दोन्ही देशांचे पुढारी समोरासमोर बसून बोलणी करणार. चावडीपुढं सभा भरली. नाथाजींचा आवाज माझ्यातून घुमला. "दोनदा शब्द दिला आन् दोनदा मोडला! ज्येनं फसवलं त्येच्याफुडं पुन्ना जाऊन बसायचं? मग आमची पोरं कशापायी गेली?"

मित्रांनो, म्हाताऱ्याचं बोलणं उगीचचं नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं.

शत्रूशी बोलणी नकोत, असा ठराव करायचं ठरलं. तो लिहिला हवालदारांच्या मुलीनं, विजयमालानं. ती शाळेत शिकवायची; पुष्कळ वाचलेली, शब्द नेमके मांडणारी. वाचायलाही तीच उभी राहिली. तेवढ्यात चंद्राबाई बायकांतून उठून तिच्याजवळ आल्या.

"विजे, वाचू नगंस. तुजं आबा तिकडं जित्तं असलं तर? बोलल्याबिगर कोण सोडंल त्यास्नी?"

त्या कुजबुजल्याच होत्या, पण माइक चालू होता. ती कुजबुज माझ्यातून वाडीभर गेली. पाठीमागून कुणी तरी म्हणालं, "वैनी, हवालदाराची बायकू हाय तुमी!"

विजयमालानं माइकवर तळहात दाबला. आईला ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. चंद्राबाई मान खाली घालून जागेवर जाऊन बसल्या. मग विजयमालानं खणखणीत आवाजात ठराव वाचला. टाळ्या किती तरी वेळ थांबल्या नाहीत.

ठराव पोस्टानं साताऱ्याला गेला. पुढं कुणी वाचला की नाही, ठाऊक नाही. बोलणी झाली, सह्या झाल्या, पण कैद्यांची सुटका रेंगाळत राहिली. ते सुटले तेव्हा दिवाळी उलटून गेली होती.

सुटलेल्यांत विट्याकडचा सिद्धू नावाचा एक शिपाई होता. घर विचारत तो चावडीशी आला. कुणी तरी नाथाजींना, मायलेकींना बोलावून आणलं. तो बसला नाही.

"हवालदार माझ्याच बराकीत हुते," तो म्हणाला. "पायात गोळी शिरल्याली, जखम चिघळली. दसऱ्याच्या आदल्या दिशी गेले."

"म्हंजी धा म्हयनं जित्तं हुतं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"व्हय, मावशी. रोज पहारेकऱ्याला इचारायचे, बोलणी कुठवर आली? आमाला म्हनायचे, धीर धरा रं, माझी लेक मास्तरीण हाय. तिनं आतापत्तूर दिल्लीला धा अर्ज धाडलं असतील, बोला म्हणून."

विजयमाला चावडीच्या भिंतीला टेकून खाली बसली.

मित्रांनो, आज मी पंचायतीच्या अंधाऱ्या खोलीत पोचा पडून धूळ खातो आहे. त्याचं दुःख नाही. शत्रूच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा, हे माझ्यासारख्या पत्र्याला काय कळणार! पण 'बोलू नका' असं गर्जून सांगायच्या आधी एवढं बघा, की बोलल्याशिवाय घरी येऊच शकणार नाही असं कुणी पलीकडे अडकलं आहे का. माझ्या तोंडून गेलेला ठराव मला अजून गिळता आलेला नाही.

सिद्धूनं ती बातमी आणल्यावर तेराव्या दिवशी चावडीपुढं पुन्हा सभा भरली होती. नाथाजींनी नातीला श्रद्धांजली वाचायला उभं केलं. हातातला कागद तिनं उघडलाच नाही. बराच वेळ माझ्यातून नुसता तिचा श्वास वाडीवर जात राहिला.

"वाच की गं," नाथाजी हळू आवाजात म्हणाले.

"न्हाई, तात्या. आता न्हाई वाचत." तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "आबा, आईनं सांगायच्या आदीच माझ्या मनात आलं हुतं, तुमी जित्तं असाल म्हणून. पर समदी माझ्याकडं बघत हुती. मी एक बी अर्ज न्हाई धाडला, आबा. बोला म्हणायचं हुतं मला. लागलं तर त्येंच्या पाया पडा, पर बोला, आन् माझ्या आबास्नी घरी आणा, असं म्हणायचं हुतं."