चार बोटं लेस

मला टापटिपीचा रोग आहे. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या अनुपमाच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते." तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

ओदिलबाई फ्रान्सच्या. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत साहेब, म्हणून दोघं शिरूरला बंगला भाड्यानं घेऊन राहतात. तीन वर्षांपूर्वी न्हावऱ्याच्या स्टँडपाशी कुशामावशी चातीवर लोकर कातत बसलेली त्यांना दिसली आणि त्यांनी गाडी थांबवली. मावशीच्या घरी आता मेंढरं नाहीत. कांदा आहे, दोन जर्शी गाई आहेत. पण बोटांना चैन पडत नाही. बाई तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या. त्यांच्या गावाकडं बायका एकत्र बसून सुताची लेस विणतात, ती हिला शिकवायची असं त्यांनी तिथंच ठरवलं. मावशीमागून तिच्या शेजारची गीताबाई जाऊ लागली आणि सगळ्यात शेवटी मी. म्हणजे मला, पाटलाच्या सुनेला, त्या बंगल्यात नेणारी मावशीच. ती सत्तरीची, मला पोरी म्हणते आणि सगळ्यांवर हुकूम सोडते. निदान तेव्हा सोडायची.

या लेसला सुई लागत नाही. घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीची भोकं टोचलेलं कार्ड, त्यावर टाचण्या, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बोटाएवढं लाकडी लाटणं. लाटणी जोडीनं उचलायची, एकमेकांवरून न्यायची, पीळ द्यायचा, टाचणी खोचायची. मावशी पीळ जास्त देते. जन्म लोकर कातण्यात गेलेला. "पीळ न्हाई दिला तर तुटतंय," म्हणते. बाईंनी कितीदा बोट धरून थांबवलं, तरी तिची जाळी आवळत जायची ती जायचीच.

यंदा बाईंच्या गावातल्या बायका एक लांबलचक पट्टी जोडणार होत्या. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापला तुकडा विणून द्यायचा. आमचा तुकडा चौघींचा, एकाच उशीवर, पाळीपाळीनं. प्रत्येकीची चार बोटं. आधी बाई, मग गीताबाई, मग मावशी, शेवटी मी.

मावशी आपलं विणून लेकीकडं वडगाव रासाईला बारशाला गेली आणि उशी माझ्याकडं आली. तिची चार बोटं पाहून माझं डोकंच उठलं. काठ आत ओढलेला, जाळी कुठं दाट, कुठं विरळ. हे परदेशात जाणार, तिथल्या बायका हातात घेऊन बघणार, आणि त्यालाच लागून माझं. दोन दुपारी बसून मी टाचण्या काढल्या, एकेक जोडी उलटी फिरवत तिचं सगळं उसवलं आणि त्याच दोऱ्यांनी पुन्हा विणलं. मग पुढं माझं. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर उपकार करतेय असंच मला वाटत होतं.

एप्रिलमध्ये बाई निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शिरूरला जमलो. बाईंनी पट्टी काळ्या कापडावर पसरली आणि भिंग लावून पाहू लागल्या. तिसऱ्या भागावर थांबल्या.

"ये किसका?"

सांगायची वेळ तीच होती. मी म्हणाले, "कुशामावशीचं."

बाईंनी मावशीला मिठी मारली. "बहुत अच्छा, कुशाबाई. बहुत अच्छा." आणि तिच्या नावाची चिठ्ठी त्या भागाखाली टाचून टाकली.

मावशीनं पट्टीवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या भागावर तो थांबला, मागं गेला, पुन्हा तिथंच आला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाईंकडं बघून हसली आणि चहा प्याली.

परत येताना ती माझ्या स्कुटीवर मागं बसली होती. निम्म्या वाटेवर म्हणाली, "तीन वर्सांत बाईनं आज पयल्यांदा मला चांगलं म्हटलं."

मी पुढच्या खड्ड्यासाठी गाडी हळू केली.

"तुझा हात चांगलाच हाय."

"मावशी, ते जरा वाकडं झालं होतं, म्हणून मी..."

"झालतं की. मला दिसत न्हाई व्हय? तीनदा उसवलं हुतं मी. मग तसंच ठिवलं. त्याच्यापरीस चांगलं मला येत न्हाई, पोरी."

गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथं माफी मागायला हवी होती. मागून उसाची ट्रॉली हॉर्न देत होती, पण ते काही कारण नव्हे. मला मागं वळून तिच्याकडं बघायची लाज वाटली. तिला घरी सोडताना कशीबशी मागितली. "आगं, त्यात काय," म्हणाली आणि गाईंना पाणी दाखवायला गेली.

जूनमध्ये बाई परत आल्या आणि आमचे मंगळवार पुन्हा सुरू झाले. मावशी येते, माझ्याशेजारीच बसते. पण पिळावरून वाद घालत नाही, कुणाला काही सांगत नाही. दोन ओळी विणते, थांबते आणि उशी माझ्याकडं सरकवते.

"बघ गं. ऱ्हाऊ दिऊ का उसवू?"

मी म्हणते, राहू दे मावशी, छान झालंय. आणखी दोन ओळी झाल्या की ती पुन्हा विचारते.