झाकण लावण्याआधी

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि माझ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आहे. पाहणारे हळहळतात, "अरेरे, बिघडला वाटतं!" मित्रांनो, मी बिघडलेला नाही. त्या डागाची गोष्ट ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझी उमेदीची वर्षे बुटीबोरीतल्या एका कापड गिरणीच्या कचेरीत गेली. पत्रे, बिले, कामगारांची हजेरी, सगळे माझ्यावर चाले. साहेब कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारत. पुढे नवे लॅपटॉप आले आणि गरज सरो, वैद्य मरो, या न्यायाने मला कपाटात कोंबले गेले. तिथून मी सीताबर्डीला, जुने लॅपटॉप विकणाऱ्या गिरिधरभाऊंच्या दुकानात आलो. त्यांनी मला नवी बॅटरी आणि वेगवान डिस्क बसवली. तरी माझ्या जाड अंगाकडे पाहून गिऱ्हाईक पुढे सरके. "हा आता भंगारातच जाते," असे गिरिधरभाऊ एकदा पुटपुटले, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

एका शनिवारी तांडापेठेतल्या कौसल्याबाई आपल्या मुलीला, पायलला घेऊन आल्या. कौसल्याबाई विणकर घरातल्या. हातमाग बंद पडल्यावर शिलाई करून घर चालवत होत्या. पायल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला घरबसल्या टायपिंगचे काम मिळण्याची आशा होती, पण त्यासाठी सोमवारी अकरा वाजता कॅमेऱ्यासमोर परीक्षा द्यायची होती आणि मोबाइल चालणार नव्हता. हे काम हुकले तर कॉलेज सोडून कारखान्यात जायचे, हे घरात ठरून गेले होते.

पायलची नजर एका चंदेरी, सडपातळ लॅपटॉपवर खिळली. त्याची रॅम किती थोडी आहे हे मला शेजारी बसून ठाऊक होते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

"काम काय करशील वं याच्यावर?" कौसल्याबाईंनी विचारले.

"टायपिंग, मेल, कॉलेजचं लिहिणं, अन् व्हिडिओवर बोलणं."

"मंग पंचा विणायले जरीचा माग काहून?"

गिरिधरभाऊ हसले. "मावशी, मंग हा जुना पाहा. दोन्हीवर लिहून पाहू द्या पोरीले."

कॅमेरा सुरू करून टायपिंग करताच चंदेरी महाशय जागच्या जागी थबकले. मी मात्र पायलच्या बोटांबरोबर पळत राहिलो. "आई, हाच घेऊ," ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण फार काळ तो तिथे राहिला नाही. विणकराच्या घरात नवे अवजार पुजल्याशिवाय हाती घेत नाहीत. सोमवारी सकाळी कौसल्याबाईंनी मला पाटावर उघडून ठेवले. हळदकुंकू लावले, फूल वाहिले आणि हात जोडून कळांवर अक्षता टाकल्या. इतका मान मला कधी कोणी दिला नव्हता. मग त्यांनी झाकण खाली आणले.

तांदूळ आतच होते, मित्रांनो! मला ओरडता येत नाही. झाकण नीट बसेना, म्हणून त्या माउलीने वरून मायेने तळवा दाबला. आत कट्ट झाले.

पायल वेणी घालून आली आणि तिने मला उघडले. कोपऱ्यातून काळा डाग पसरू लागला होता. परीक्षेचा उतारा नेमका तिथेच दिसणार होता.

"माह्याच हातानं झालं वं!" कौसल्याबाई भिंतीला टेकल्या. पायलने घड्याळाकडे पाहिले. अकराला थोडाच वेळ उरला होता. कौसल्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे निरखून पाहिले.

"ताण्याचे धागे तुटले त सारं कापड फेकून देते का कोणी? जेवढा पन्हा धड हाय, तेवढ्यातच विण!"

पायलला उमगले. तिने परीक्षेची चौकट लहान केली आणि उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात ओढली. आई दाराबाहेर गेली. परीक्षा सुरू झाली.

तो वेळ मला आयुष्यभर पुरेल. पायल लिहीत होती आणि डाग मुंगीच्या पायांनी चौकटीकडे सरकत होता. एका कळेखाली तांदूळ कुरकुरत होता. मी तापलो, पण थांबलो नाही. शेवटची ओळ गेली तेव्हा डाग चौकटीपासून बोटभर दूर होता. तो तिथेच थांबला, आजही तिथेच आहे.

पायलला काम मिळाले आणि कॉलेजही सुटले नाही. पडदा बदलू या, असे कौसल्याबाई म्हणतात. "राहू दे आई, मले दिसते ना सारं," असे म्हणून ती कामाला लागते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना निवडताना आमचे रूप पाहू नका, तुमचे काम पाहा. आणि घरी नेल्यावर प्रेम कराल तर जरा जपून करा, कारण आम्हाला दुखले तरी सांगता येत नाही.

आता दसऱ्याला माझ्या अक्षता पाटावर पडतात. रोज संध्याकाळी पायलचे काम संपले की कौसल्याबाई येतात. मागावरचे कापड चाचपावे तशी त्यांची बोटे माझ्या सगळ्या कळांवरून फिरतात, एकही सुटत नाही. मगच त्या झाकण लावतात, आणि मी न घाबरता डोळे मिटतो.