तिसरं शिंग

जहाजांचे पाण्याखालचे तळ खरवडून पोट भरणाऱ्या बाईला गोदीत सगळे पाणकोंबडी म्हणत. त्याचं तिला काही वाटत नसे. तिचा राग होता संग्रहालयातल्या खेकडेवाल्या साहेबांवर.

बुडी मारलेली असताना धक्क्याच्या खांबाशी तिला नखाएवढा खेकडा दिसला होता. कोळ्यासारखे काटकुळे पाय, अंगभर स्पंज नि शेवाळ, आणि डोळ्यांमध्ये तीन शिंगं. पुस्तकात असल्या खेकड्यांना दोनच. तिसरं खरं असेल तर खेकडा नवा, आणि संग्रहालयाच्या छापील यादीत शोधणारी म्हणून हिचं नाव.

साहेब म्हणाले, "स्पिरिटात बुडवा. वरची घाण खरवडून शिंगं बघू."

"ओळख पटवायला मुडदाच लागतो का तुम्हाला?"

"मग महिनाअखेरीस यादी तुमच्याविना छापू."

तिनं खेकडा घरी काचेच्या टाकीत ठेवला. वाढताना जुनं कवच टाकेल, तेव्हा आपसूक उघडा पडेल. अठरा दिवस ती समुद्राचं पाणी वाहत होती.

"नवऱ्याची एवढी सेवा केली असतीस तर टिकला असता," थोरला भाऊ म्हणाला.

"त्यानं कात टाकली असती तर केली असती, दादा."

एकोणिसाव्या दुपारी कवच मागून उकललं. फिका, लिबलिबीत खेकडा उलटा सरकत बाहेर आला. तिनं भिंग लावलं. शिंगं दोनच. तिसरं जुन्या कवचावर राहिलं होतं: खोचलेली शेवाळाची काडी.

"कात टाकण्याआधी काढलेले फोटो दे पाठवून," दादा पुटपुटला. "कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना!"

तिनं फोन लावला. "साहेब, दोनच आहेत. चुकले मी. पण उद्या सकाळी याच."

साहेब आले तेव्हा खेकड्याची शिवणकाम चालल्यासारखी लगबग होती. जुन्या कवचावरून एकेक तुकडा उपटायचा, तोंडात चावून मऊ करायचा, नि पाठीवरच्या आकड्यांसारख्या केसांत पक्का अडकवायचा. कारागीर म्हणावा तो असा! साहेबांनी तीस वर्षं हीच कलाकुसर घाण समजून ब्रशनं काढली होती.

"तर यादीत माझं नाव..." तिनं विचारलं.

"गप्प बसा हो जरा!" साहेब गुडघ्यांवर, नाक काचेला चिकटलेलं. "स्पंज उचललाय त्यानं. कुठं लावतोय ते बघू द्या."