हा वाटा कोनाचा?

एका मरळीनं रंजूला काय मिळणार होतं? उद्या बपेऱ्याहून तिचा भाऊ जेवायला येणार होता, सोबत भावजय टीना. "बारावी शिकली अन् शेवटी झिंगेच निवडत बसली," असं टीना मागं चारचौघांत म्हणाली होती. तिच्या ताटात मरळीचे जाडजूड तुकडे पडले की ते तोंड बंद होणार होतं. सौदा वाईट नव्हता.

मोहाडीजवळच्या त्या गावात जाळं ओढून झालं की तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मासोरीचे सारखे वाटे मांडतात. मोठी मरळ मात्र सगळ्यांत वाटता येत नाही, ती एकाच वाट्यावर जाते. भांडण नको म्हणून एकजण वाट्यांकडे पाठ करून बसते. दुसरी एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारते, "हा कोनाचा?" पाठ केलेली नाव घेते. नाव पडलं की ते देवानंही बदलायचं नाही. पाठ करायचा मान रंजूचा, कारण ती शिकलेली आणि सरळ. विचारायचं काम तिच्या मैत्रिणीचं, शकुनचं.

दुपारी याच बायांना रंजू साक्षरतेच्या वर्गात शिकवायची. वाक्यांचे प्रकार आले तेव्हा तिनं तलावच फळ्यावर आणला. 'हा वाटा जनाबाईचा.' हे विधान, शेवटी टिंब. 'हा वाटा कोनाचा?' हा प्रश्न, शेवटी गळासारखं वाकडं चिन्ह. 'वाटा उचल.' ही आज्ञा, पुन्हा टिंब. 'केवढी मरळ!' हा उद्गार, शेवटी उभी काठी नि खाली टिंब.

"हुकमाले टिंब अन् नवलाले काठी?" कुंताबाई म्हणाली. "काठी तं हुकमाले पायजे होती वो!"

वर्ग हसला. शकुनला चिन्हं पटकन जमली, वाचताना मात्र गाडी अडायची. मरळ डोळ्यांपुढं आली की प्रश्न वाचतानाही तिचा आवाज आपोआप वर चढायचा.

"शकुन, इथं तू विचारून राहिली, नवल नाही करून राहिली."

"मले कळतच नाही वो मॅडम, तोंडच तसं होते."

बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. रंजूच्या कानानं जपून ठेवलं.

त्या सकाळी रंजू पाठ करून बसली. "हा कोनाचा?" आवाज सपाट. "जनाबाईचा." "हा कोनाचा?" तसाच सपाट. "डोमाचा." तिसऱ्या वेळी शकुनचा आवाज चढला. वळून बघायची गरजच नव्हती. कुंताबाईचं नाव रंजूच्या ओठांवर आलेलं होतं. कुंताबाईची लेक उर्वशी माहेरी बाळंत झाली होती आणि मरळीच्या रश्श्याची वाट बघत होती.

रंजू म्हणाली, "माझा."

टीना जेवली, काटे चोखले, बोटं चाटली आणि उठता उठता म्हणाली, "मीठ जरा जास्तच झालं, ताई."

इकडे कुंताबाईचा हिशेब सुरू झाला. मागच्या खेपेलाही मरळ रंजूकडेच गेली होती. तेव्हा ती खरोखर नशिबानं गेली होती, पण नशिबाला साक्षीदार नसतो. पाठ केलेलीला तर दिसत नाही, मग लबाडी डोळे उघडे असलेलीचीच! पुढच्या जाळ्याला तिनं पारीवर सगळ्यांदेखत शकुनला धरलं.

"मास्तरणीले खूश करून राहिली काय वो? कायचा इशारा देते तू?"

"मी कायले इशारा देईन, मावशी? पोराची आन!" शकुन म्हणाली.

रंजूनं तिथंच बोलायला हवं होतं. ती जाळ्याचा गुंता सोडवत बसली, जिथं गुंता नव्हताच तिथं. दोन दिवसांनी ती कुंताबाईच्या अंगणात गेली.

"मावशी, शकुननं काही नाही केलं. तिचा आवाज चढते, तो म्या ओळखला. उर्वशीच्या तोंडची मरळ म्या चोरली."

कुंताबाईनं तिला बसवलं, चहा पुढं केला. "मैत्रिणीचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिली! शिकलेल्याचं मन मोठं असते, बाई. पाठ करून बसलेलीले दिसते काय?"

"दिसत नाही. ऐकू येते, मावशी."

"बस झालं. चहा पी."

रंजू शकुनच्या दारीही गेली. शकुननं सगळं ऐकून घेतलं. "आता कोन मानते, मॅडम?" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

मैत्रिणीसाठी रंजू खोटंसुद्धा आपल्यावर घेते, हे मोहल्लाभर झालं. पाठ करायचा मान तिच्याकडेच राहिला; तिनं दोनदा नाकारला, तर तो आणखी वाढला. विचारायचं काम जनाबाईला गेलं. शकुन वर्गात येते, मागं बसते, वाचायला सांगितलं की घसा धरला म्हणते.

मरळ टीनाच्या पोटात गेली, नाव रंजूचं झालं. उर्वशीनं झिंग्यांवर भागवलं. बाकी सगळं शकुननं भरलं.